सही करण्यापूर्वी : ई-पुस्तकांचे करारनामे आणि आपली वाचनालये

पावसाळा नुकताच सुरू झाला होता. सिल्लोडच्या रस्त्याने हिरव्या मिरचीच्या पोत्यांनी भरलेल्या गाड्या चालल्या होत्या, आणि मी तिथल्या एका वाचनालयात ग्रंथपालांच्या टेबलापाशी बसलो होतो. चहा आला. ग्रंथपालांनी खणातून इंग्रजी कागदांचा एक जुडगा काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "सर, एवढं जरा वाचून सांगा. सही करावी का नको? आमचे अध्यक्ष म्हणतात, पोरांना मोबाइलवर पुस्तकं मिळायला पाहिजेत. पण ह्यातलं अर्धं मला कळंना, अन् जे कळलं त्याची भीती वाटायला लागली."

ई-पुस्तके पुरवणाऱ्या एका कंपनीचा तो करारनामा होता. अठरा पाने, बारीक अक्षर. मी विचारले, "भीती कशाची?" तेव्हा ते म्हणाले, "आता हेच बघा. पैसे भरले की पुस्तक दाखल रजिस्टरला चढवायचं, शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, ही आपली रीत. ह्याची नोंद कुठं करू? तपासणीला साहेब आले अन् म्हणाले, दाखवा पुस्तक, तर काय दाखवू?"

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा सगळा विषय ह्या एका प्रश्नात आला आहे. ह्या साध्या माणसाने कायद्याच्या पुस्तकाला हात न लावता नेमके दुखणे ओळखले होते. दाखल रजिस्टरला जी वस्तू चढत नाही, ती वाचनालयाच्या मालकीची नव्हे. मग आपण पैसे मोजतो ते कशाचे?

शेतीच्या भाषेत सांगतो. जमीन खरेदीखताने घेतली, सातबाऱ्यावर नाव लागले, म्हणजे त्या जमिनीत आपण मका लावा, कापूस लावा, नाहीतर ती पडीक ठेवा. कुणाला विचारावे लागत नाही. तीच जमीन वर्षाच्या ठोक्याने घेतली, तर बोलीत जे ठरले तेवढेच आपले. विहिरीचे पाणी मिळणार का, बांधावरच्या आंब्याला हात लावायचा का, मुदत कधी संपणार, हे सारे त्या बोलीवर. कागदाचे पुस्तक म्हणजे खरेदीखत आणि इलेक्ट्रॉनिक पुस्तक म्हणजे ठोक्याची जमीन. फरक एवढाच की आपल्याकडे ठोक्याची बोली दोघांना समजेल अशा भाषेत, समोरासमोर होते. इथे मात्र ती एकाच बाजूने लिहिलेली असते, आणि परक्या भाषेत असते.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. त्याच्या चौदाव्या कलमात एक छोटेसे स्पष्टीकरण आहे. एकदा विकली गेलेली प्रत ही चलनात आलेली प्रत समजावी, असा त्याचा आशय. वाचनालयाची देवघेव ह्या एवढ्याशा वाक्यावर उभी आहे म्हणाना. पुस्तक विकत घेतल्यावर ते शंभर जणांना वाचायला द्या, पन्नास वर्षे द्या, प्रकाशकाची परवानगी लागत नाही. इलेक्ट्रॉनिक पुस्तकाच्या बाबतीत मात्र बहुधा प्रत विकली जातच नाही. विकला जातो तो प्रत वाचण्याचा परवाना. त्यामुळे वाचनालयाचे पिढीजात हक्क जागच्या जागी थांबतात आणि करारनामा बोलू लागतो.

हे करारनामे एवढे लांबलचक का झाले? १९९० नंतरच्या दहा वर्षांत परदेशांतील संशोधनपत्रिका कागदावरून संगणकावर येऊ लागल्या. प्रकाशकांना धास्ती पडली की एका विद्यापीठाला दिलेली प्रत घटकेत साऱ्या जगात जाईल. ती धास्ती अगदीच खोटी नव्हती. मग प्रत्येकाने आपापला वकील गाठला आणि आपापला करार लिहून घेतला. ग्रंथालयांच्या वकिलांनी त्यात दुरुस्त्या सुचवल्या. एकेक करार महिनोन् महिने इकडून तिकडे फिरू लागला. मोठ्या विद्यापीठाला हे कसेबसे परवडते. तालुक्याच्या वाचनालयाकडे ना वकील, ना वेळ. तिथे दोनच गोष्टी होतात. एक तर न वाचता सही होते, नाहीतर कागद खणात पडून राहतो आणि वाचकाला काहीच मिळत नाही.

त्या दिवशी आम्ही दोघांनी तो करार पुढ्यात घेतला आणि त्यातून पाच प्रश्नांची उत्तरे शोधायचे ठरवले. हे पाच प्रश्न आपणही टिपून घ्यावेत, कारण करार अठरा पानांचा असो की ऐंशी पानांचा, त्याचे मर्म ह्या पाचांत येते.

पहिला प्रश्न : वाचणारा कोण? करारात 'अधिकृत वाचक' असा शब्द असतो. त्यात केवळ वर्गणी भरणारा सभासद धरला आहे, की वाचनालयात येऊन बसणारा कोणीही? आपल्या वाचनालयात भराडीहून, अंधारीहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले येऊन दिवसभर बसतात. त्यांतली कित्येक सभासद नसतात. कराराने त्यांना बाहेर ठेवले, तर ग्रंथपालाने त्यांना संगणकापासून उठवायचे काय?

दुसरा प्रश्न : कुठून वाचायचे? प्रत्येक संगणकाला जाळ्यात एक पत्ता असतो. पुष्कळ करारांत संस्थेच्या आवारातल्या पत्त्यावरूनच पुस्तक उघडते. शिवन्याला किंवा घाटनांद्र्याला घरी बसलेल्या विद्यार्थ्याला ते उघडत नाही. संध्याकाळची एसटी गाठण्यासाठी जो चारलाच उठतो, त्याच्या दृष्टीने अशा पुस्तकाचा उपयोग अर्धाच.

तिसरा प्रश्न : एका वेळी किती जणांनी, आणि एकूण किती वेळा? एका वेळी एकच वाचक, ही अट समजण्यासारखी आहे. कागदाचे पुस्तकही एका वेळी एकाच्याच हातात असते. पण २०११ साली हार्परकॉलिन्स ह्या मोठ्या प्रकाशन संस्थेने अमेरिकेतील ग्रंथालयांसाठी निराळाच नियम केला. ई-पुस्तक २६ वेळा दिले की त्याचा परवाना संपला. हवे तर पुन्हा पैसे भरा. दोन आठवड्यांची मुदत धरली तर हे झाले साधारण एक वर्ष. कागदाचे पुस्तक निदान शिवून, पुठ्ठा घालून पुढे चालवता येते. त्या नियमावर तिथल्या ग्रंथपालांनी मोठा गिल्ला केला, आणि तो योग्यच होता.

चौथा प्रश्न : काय उतरवून घेता येईल? चार पाने छापून घेता येतील का? शिक्षकाला वर्गासाठी एखादे प्रकरण देता येईल का? आपल्या कायद्याच्या बावन्नाव्या कलमाने खासगी अभ्यासाला आणि शिकवण्याला काही मोकळीक दिलेली आहे. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्सच्या दुकानाचा खटला आपल्याला आठवत असेल. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतली प्रकरणे एकत्र करून दिली म्हणून परदेशी प्रकाशक न्यायालयात गेले होते. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्यासाठीच्या ह्या मोकळिकीच्या बाजूने निकाल दिला. पुढे २०१७ मध्ये प्रकाशकांनी तो दावाच काढून घेतला. पण कायद्याने एका हाताने दिलेले, करार दुसऱ्या हाताने काढून घेऊ पाहतो. ब्रिटनने २०१४ साली कायद्यात सुधारणा करून सांगितले की अभ्यासासाठी दिलेल्या अशा काही सवलती करारातील कलमाने हिरावता येणार नाहीत. आपल्या कायद्यात इतके स्पष्ट वाक्य नाही. म्हणून ते वाक्य आपणच करारात लिहून घ्यायचे.

पाचवा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत मोठा : मुदत संपल्यावर हातात काय राहते? कागदी मासिकाची वर्गणी बंद केली तरी जुने अंक कपाटात असतात. इलेक्ट्रॉनिक मासिकाची वर्गणी थांबली की कधी कधी पैसे भरलेल्या वर्षांचे अंकही दिसेनासे होतात. २००९ च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दूर बसल्या बसल्या काढून घेतली. पुस्तके विकणाऱ्याकडे त्यांचे हक्कच नव्हते, हे कारण खरे होते. पैसेही परत केले, आणि कंपनीच्या प्रमुखाने माफीही मागितली. ती वाचनालये नव्हती, साधे वाचक होते. पण घरातले विकत घेतलेले पुस्तक रात्रीतून नाहीसे होऊ शकते, हे त्या दिवशी जगाला कळले.

आमच्या समोरच्या करारात ह्या पाच प्रश्नांची उत्तरे कशी होती म्हणता? पहिल्याचे उत्तर 'फक्त सभासद', दुसऱ्याचे 'फक्त आवारात', आणि पाचव्याचे 'काही नाही'. शिवाय शेवटून तिसऱ्या पानावर एक ओळ होती, की कंपनी हे नियम वेळोवेळी बदलू शकेल आणि ते बदल वाचनालयाला मान्य आहेत असे धरले जाईल. ग्रंथपाल म्हणाले, "म्हणजे सर, कोऱ्या कागदावर सही झाली की ही!"

आता प्रश्न असा की ह्यातून वाट काय? अशीच वाट काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या ग्रंथपालांनी आणि प्रकाशकांनी मिळून शोधली. तिथे माहितीविषयक मानके ठरवणारी 'निसो' नावाची संस्था आहे. तिने २००८ साली 'शेअर्ड इलेक्ट्रॉनिक रिसोर्स अंडरस्टँडिंग', थोडक्यात 'सेरू', ह्या नावाचा एक मसुदा प्रसिद्ध केला. २०१२ साली त्यात सुधारणा करून पत्रिकांबरोबर ई-पुस्तकेही त्यात आणली. हा करार नव्हे. करार न करता व्यवहार कसा करावा, ह्याची ती लिहून ठेवलेली समजूत आहे.

नवल वाटेल, पण ही रीत आपल्याला परकी नाही. मोंढ्यात शेतकरी माल घेऊन जातो, आडत्या त्याला पट्टी देतो. पट्टीवर काय असते? मालाचे नाव, वजन, भाव आणि रक्कम. मापात खोट आली तर काय, पैसे कधी द्यायचे, हे प्रत्येक पट्टीवर लिहीत बसत नाहीत. ते बाजार समितीच्या नियमांत असते आणि दोघांना ठाऊक असते. सेरूचे तसेच आहे. मागणीपत्रावर पत्रिकेचे नाव, मुदत आणि किंमत लिहायची, आणि 'हा व्यवहार सेरूच्या समजुतीप्रमाणे' एवढी एक ओळ घालायची. बाकी सगळे त्या समजुतीत आहे. वाचक कोण, हे तिच्यात आहे. साऱ्या पत्रिका एका दमात उतरवून घ्यायच्या नाहीत, गैरवापर दिसला तर ग्रंथालयाने तो थांबवायचा, वाचकाची खासगी माहिती जपायची, आणि जुन्या अंकांचे पुढे काय हे लक्षात ठेवायचे, हेही तिच्यात आहे. उरलेला भाग कॉपीराइट कायद्यावर सोडलेला. वकिलाचे काम नाही, महिनोन् महिने पत्रव्यवहार नाही.

अर्थात ही रीत विश्वासावर चालते. जिथे रक्कम फार मोठी, किंवा दोघांची ओळख नाही, तिथे सविस्तर करार लागतोच. तिथे दुसरा उपाय कामी येतो, तो म्हणजे एकजुटीचा. तो आपल्या देशात चांगला रुजला आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट ह्या संस्थेच्या पुढाकाराने २०१० साली महाविद्यालयांसाठी 'एन-लिस्ट' योजना सुरू झाली. प्रकाशकांशी बोलणी आणि करार वर एकदाच झाले. महाविद्यालयाने अर्ज करायचा, माफक वर्गणी भरायची, आणि ग्रंथपालाने शिक्षक-विद्यार्थ्यांची नावे नोंदवायची. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला स्वतःच्या नावाने हजारो पत्रिका उघडता येऊ लागल्या, आणि घरूनही. त्याच्या पुढचे पाऊल म्हणजे 'एक राष्ट्र, एक सदस्यता'. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ह्या योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ ह्या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांच्या जवळपास १३,००० पत्रिका, आणि केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था व केंद्राच्या संशोधनसंस्था मिळून ६,३०० हून अधिक संस्था. जिथे हजारो संस्थांनी वेगवेगळ्या सह्या केल्या असत्या, तिथे एकदाच बोलणी.

पण श्रोतेहो, ही योजना आहे संशोधनपत्रिकांची, आणि त्या बहुतेक इंग्रजी. सिल्लोडच्या सार्वजनिक वाचनालयात मराठी कादंबरी मागणारी गृहिणी, शेतीचे पुस्तक शोधणारा तरुण, परीक्षेची तयारी करणारी मुले, ही मंडळी तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यांचे वाचनालय १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली अनुदानावर चालते, आणि त्या कायद्याच्या वेळी ई-पुस्तक जन्मालाच आले नव्हते. तेव्हा ह्या वाचकांसाठी मराठी प्रकाशक आणि मराठी वाचनालये ह्यांनी आपली समजूत आपणच लिहायला हवी. मराठीत, एका पानावर.

इथे प्रकाशकाची बाजूही ऐकली पाहिजे. मराठी पुस्तकाची आवृत्ती लहान असते. पुस्तकाची फाइल एकदा फुटली की ती व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फुकट फिरते, आणि लेखकाच्या हाती काही लागत नाही. हे आपण सारे पाहतो, आणि आपल्यातलेच काही जण ती पुढे पाठवतात. तेव्हा प्रकाशकाला खात्री हवी. ती अठरा पानांनी मिळत नाही. वाचनालय आपला शब्द पाळते, ह्या अनुभवाने ती मिळते.

असे एक पान कसे असावे? मी आणि ग्रंथपालांनी त्याच टेबलावर एक कच्चा मजकूर केला. तो असा :

प्रकाशकाने सोबतच्या यादीतील पुस्तके ठरलेल्या रकमेस वाचनालयाला दिली आहेत. वाचनालयाचा सभासद ती घरून वा वाचनालयातून वाचू शकेल. सभासद नसलेला वाचक ती वाचनालयात बसून वाचू शकेल. एका प्रतीच्या पैशांत एका वेळी एक वाचक. त्याने परत केल्यावर दुसऱ्याला मिळेल, आणि किती वेळा द्यायचे ह्यावर मर्यादा नाही. पुस्तकाची पूर्ण फाइल कोणाला वाटता येणार नाही. तसे आढळल्यास वाचनालय त्या सभासदाला थांबवील आणि प्रकाशकाला कळवील. मात्र वाचकाच्या चुकीचा दंड वाचनालयावर पडणार नाही. कॉपीराइट कायद्याने दिलेली कोणतीही सवलत ह्या पत्राने कमी होत नाही. कोण काय वाचतो ह्याची नोंद कोणाला दिली वा विकली जाणार नाही. प्रकाशकाची सेवा बंद पडल्यास पैसे भरलेल्या पुस्तकांच्या प्रती वाचनालयाला मिळतील. दोघांच्या लेखी संमतीशिवाय ह्यात बदल होणार नाही. वाद झाल्यास तो आपल्या जिल्ह्यातील न्यायालयात.

एवढेच. मोठ्याने वाचले तर दोन मिनिटेही लागत नाहीत. हा मजकूर कोणा वकिलाने केलेला नाही, त्यामुळे तो जाणत्यांकडून तपासून घ्यावा लागेल हे उघड आहे. ग्रंथालय संचालनालय, ग्रंथालय संघ आणि प्रकाशकांच्या संघटना ह्यांनी एकत्र बसून असा एक नमुना ठरवला, तर राज्यातल्या प्रत्येक वाचनालयाला आपापल्या खणातल्या जुडग्यापुढे एकटे बसावे लागणार नाही. आणि हो, दाखल रजिस्टरचाही प्रश्न त्याबरोबर सोडवावा. अशा पुस्तकांसाठी वेगळी नोंदवही असावी. तिच्यात पुस्तकाचे नाव, मुदत, रक्कम, आणि मुदतीनंतर काय राहणार, असे चार रकाने असावेत. चौथ्या रकान्यात वर्षानुवर्षे 'काही नाही' असेच लिहावे लागले, तर कार्यकारी मंडळाच्या डोळ्यांत ते आपोआप भरेल.

एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो. सोपे म्हणजे केवळ आखूड नव्हे. 'मान्य आहे' एवढ्या दोन शब्दांवर बोट दाबून जो करार होतो, तो सर्वांत आखूड, आणि बहुधा सर्वांत महाग. सोपा करार तो, की जो वाचून ग्रंथपालाला समोरच्या वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. घरी नेऊ का? मित्राला दाखवू का? पुढल्या वर्षी मिळेल का? ह्या तीन प्रश्नांना ज्या करारातून सरळ उत्तर निघत नाही, तो कितीही छोटा असला तरी अवघडच समजावा.

पैसे आणि करार ह्या दोहोंच्या पलीकडेही थोडीफार सोय आहे, ती विसरू नये. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला ठेवली आहेत. मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे. तालुक्याच्या वाचनालयाने आधी ह्या पुस्तकांची यादी करून ती फळ्यावर लावावी. त्यांत मिळत नाही ते विकत घ्यावे, आणि विकत घेताना वरचे पाच प्रश्न विचारावेत.

आमच्या त्या करारनाम्याचे काय झाले, हे आपण विचाराल. ग्रंथपालांनी सही केली नाही, आणि कागद खणातही टाकला नाही. त्यांनी मराठीत एक पत्र लिहिले. त्यात पाच प्रश्न लिहिले आणि नियम बदलण्याच्या त्या ओळीखाली रेघ मारली. पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा फोन आला. "सर, दोन गोष्टी मान्य केल्या त्यांनी. पोरांना घरून वाचता येईल, अन् बसायला येणाऱ्यांनाही उघडून देता येईल. जुन्या पुस्तकांचं मात्र नाही म्हणतात. अध्यक्षांनी सांगितलं, एका वर्षापुरतं घ्या, अन् निम्म्या पैशांची कागदाचीच पुस्तकं आणा."

मला वाटते, हा निर्णय शहाणपणाचा झाला. विचारले म्हणून दोन गोष्टी मिळाल्या. विचारले नसते तर त्याही मिळाल्या नसत्या, आणि त्या मिळाल्या नाहीत हे कोणाला कळलेही नसते. जी गोष्ट मिळाली नाही ती निदान माहीत झाली, आणि पैसे त्या हिशेबाने खर्च झाले. आपल्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आपण असाल, तर पुढच्या सभेत असा एखादा करार टेबलावर आला की एवढेच करा : तो मराठीतून मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, आणि वाचून होईपर्यंत सहीचे पेन खिशातच असू द्या.